सूचना : सदस्यांच्या नावापुढे हुद्दा लिहिण्याबाबत

सर्व माजी सैनिक बांधव व वीरपत्नी भगिनींना नमस्कार.

१७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी अंबाजोगाईच्या आपल्या गटाची नावांची यादी नव्याने करत आहोत. मागच्या वर्षी एका सुभेदार साहेबांचं नाव नुसतं ‘श्री.’ लावून पुकारलं गेलं. ते काही बोलले नाहीत, पण मला ते फार लागलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पायरी पायरीने मिळवलेला हुद्दा आहे तो.

काही जण म्हणतात, घरी आलो की आपण शेतकरीच. मला हे पटत नाही. राज्यघटनेच्या कलम १८ ने किताब बंद केले, पण लष्करी व शैक्षणिक सन्मान त्यातून मुद्दाम वगळले आहेत. सैन्यदलात तर म्हणतातच, हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. म्हणून ‘निवृत्त’ हा शब्द नावानंतर येईल : आधी हुद्दा, मग नाव, शेवटी (निवृत्त). मानद हुद्दा असेल तर ‘मानद’ अवश्य लिहा.

गावात आपल्या सगळ्यांनाच ‘मेजर’ म्हणतात. ती माया आहे, तिला कुणी अडवू नये. यादीत मात्र डिस्चार्ज बुकात आहे तोच हुद्दा द्या. शिपाई आणि नाईक बांधवांनीही संकोच न करता आपला हुद्दा लिहावा. तुमचं नावही हुद्द्यासहच पुकारलं जाईल.

ज्यांना हुद्दा नको असेल त्यांनी तसं कळवावं, त्यांचा मान राखू. नावं १० सप्टेंबरपर्यंत द्या.