मंत्रीमहोदय, शपथ पुरे झाली. आता तीन रात्रींची खाट द्या

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो आणि आपल्या राज्यात त्याच दिवशी शाहू जयंती, म्हणजे सामाजिक न्याय दिनही. एकाच मंडपात दोन्ही उरकता येतात, यंदाही उरकले. पोरांनी हात पुढे करून व्यसनमुक्तीची शपथ घेतली, फेरी निघाली, फोटो झाले. मागच्या वर्षी अशाच व्यासपीठावरून जिल्ह्याला व्यसनमुक्तीच्या दहा खाटा कबूल झाल्या होत्या. खाटा आल्या हो, खोटं कशाला बोला. त्यांच्यावर सलाइनचे खोके रचलेत आणि दाराला कुलूप आहे. मानसोपचारतज्ज्ञाची जागा भरलेली नाही म्हणे.

आता ती शपथ कोणी मनावर घेतली तर काय होतं, ते ऐका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, पोटात पाणी ठरत नाही. पहिल्या दोन दिवसांत कधीही फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री काहींना भास सुरू होतात. माणूस गोधडीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचतो, बैल सुटले म्हणत दाराकडे धावतो, बायकोला ओळखत नाही. घरचे भगताला बोलावतात, नाहीतर दोरी शोधतात. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसतील तर यात माणूस दगावतो. कारण सरळ आहे: दारू मेंदूला रोज ब्रेक लावते, मेंदू तेवढाच वेग वाढवून ठेवतो, ब्रेक एका रात्रीत काढला की उरतो नुसता वेग. म्हणजे आपल्या शपथेला जो प्रामाणिकपणे जागला, तोच जास्त धोक्यात. ड्राय डेला आणि लॉकअपमध्येही हेच होतं. तिथे मात्र त्याला ‘नाटक करतो’ म्हणतात.

यावरची औषधं सोन्याची नाहीत. मेंदू शांत करणाऱ्या डायझेपामच्या गोळ्या, लिव्हर गेलेलं असेल तर त्याच जातीचं लोराझेपाम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाच ते सात दिवसांत उतरत्या डोसने बंद. सोबत थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. क्रम मात्र चुकता कामा नये: आधी थायमिन, मग ग्लुकोज. आपल्याकडे चार दिवस उपाशी पिणारा आला की ‘अशक्तपणा आहे, बाटली लावा’ म्हणून थेट ग्लुकोज चढवतात. त्याने शरीरातलं उरलंसुरलं बी-वन खर्च होतं, नजर आणि तोल बिघडतो, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. बाकी लागतं काय? दर चार तासांनी नाडी, बीपी आणि थरथर लिहून ठेवणारी शिकलेली नर्स आणि खोलीत रात्रभर दिवा, कारण अंधारात भास वाढतात. पहिल्या तीन रात्री एमबीबीएस डॉक्टरला थोडं प्रशिक्षण देऊन आणि तज्ज्ञाला फोनवर ठेवून निभावता येतात. तज्ज्ञाची वाट बघत कुलूप कशाला लावायचं?

धुळे-मालेगाव पट्ट्यात पोरं नशेसाठी खातात त्या ‘कुत्ता गोळी’चं तर विचारूच नका. आत असतं अल्प्राझोलाम, घबराटीवरचं औषध. 1 मार्च 2014 पासून ते शेड्युल एच-वनमध्ये आहे: चिठ्ठीशिवाय विक्री नाही, वेगळ्या रजिस्टरात रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव आणि नग, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. छापा पडला की गोळ्या टेबलावर मांडून फोटो निघतो. घाऊक विक्रेत्याचं बिल आणि मेडिकलचं रजिस्टर यांचा ताळा मात्र कोणी लावल्याचं ऐकिवात नाही. आणि पकडलेल्या पोराचं काय? ही गोळीसुद्धा अचानक तोडली की फिट येते. तिच्याऐवजी शरीरात जास्त वेळ टिकणारं डायझेपाम देऊन, आठवड्या-आठवड्याने उतरवावं लागतं. कोठडीत हे हवालदार करणार का? अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याचं कलम 64अ सांगतं की सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला नाही. वॉर्डालाच कुलूप असेल तर हे कलम कुठे भरती करायचं, साहेब?

मग माणसं जातात खासगी ‘केंद्रां’त. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ, रात्री गाडी येते, उचलून नेते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार धरलेले आहेत. अशा केंद्राला नोंदणी हवी, साखळीने बांधायला बंदी, आणि रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर घरच्यांच्या अर्जावर ठेवायची पहिली मुदत तीस दिवसांची. नोंदणीचा कागद भिंतीवर आहे का, एवढं तरी कोणी जाऊन बघतं? एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ रंगवलेलं असतं, तेही कोणाला दिसत नाही. त्या पुडीत डायसल्फिराम, म्हणजे दारू पोटात गेली की त्रास करणारं औषध असेल आणि भाजीत कालवलेली खाऊन नवरा वर क्वार्टर मारून आला, तर छाती धडधडते, बीपी पडतं, जीवही जाऊ शकतो. गुन्हा मग बाईवर.

रात्री दोनला फिट आली की घरच्यांनी करायचं काय? जीप कोणाची मागायची, डिझेलला पैसे कोणाकडून घ्यायचे? तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून नाशिकला, हातात रेफरची चिठ्ठी. कपाशी वेचून आणलेली मजुरी आधी गुत्त्यावर गेली, उरलेली या फेऱ्यांत जाते. वर ऐकायचं काय, तर ‘घरच्यांनी समजावलं पाहिजे’. वीस वर्षं समजावतोय, साहेब!

दारू उत्पादन शुल्क खात्याची, गोळी अन्न व औषध प्रशासनाची, शिरपूरच्या डोंगरातला गांजा पोलिसांचा, शपथ सामाजिक न्यायाची आणि फिट आलेला माणूस कोणाचाच नाही. 2019 च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांतल्या एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं निघालं. भरती होऊन उपचार 180 मध्ये एकाला. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं, वर्षाला 14,000 कोटी जादा येतील म्हणून. यातले किती खाटेपर्यंत पोचले? पिणारा कर भरताना नागरिक आणि थरथरताना बेवडा, असा हा हिशेब आहे.

म्हणून मागणं छोटं आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चार खाटा, वर सांगितलेली औषधं आणि रात्रपाळीला शिकलेली एक नर्स. व्यसनमुक्तीच्या 14446 या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला तर जवळची रिकामी खाट कुठे आहे, ते सांगता आलं पाहिजे. आणि पुढच्या भाषणाआधी एकच माहिती जाहीर करा: चोपडा, यावल, शिरपूर, साक्री, तळोदा, धडगाव इथे आजच्या तारखेला थायमिनची किती इंजेक्शनं शिल्लक आहेत?

आपला,
खान्देशातील एक मतदार