आजी, आधी कुठला पाय खाली टाकता?

प्रिय भावा,

तुझं नाव इथे लिहीत नाही. “नाव नको ताई, मग लोक मिक्सर दुरुस्तीलाही बोलावतात,” असं तूच म्हणाला होतास. पण सांगलीच्या आमच्या घरात आईसाठीचे आपोआप लागणारे दिवे तू ज्या तऱ्हेने मार्गी लावून गेलास त्याबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. समोर बसून आभार मानायला गेले असते तर रडले असते, आणि तू चप्पल घालून पळाला असतास.

आई रात्री बाथरूमला जाताना अंधारात पडली, मनगट मोडलं. मी ठाण्यात. त्यानंतर घाबरून मी पैसे फेकले, ही माझी चूक. एका कंपनीने सगळ्या खोल्यांत काचेची गुळगुळीत बटणं बसवली. बोलायला आलेला माणूस तासभर माझ्याशीच बोलला, “मॅडम, मॅडम” करत. आई समोरच्या खुर्चीत बसलेली, तिला एक प्रश्न नाही. त्या बटणांचा कारभार कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरून चालायचा. नेट गेलं की आमच्याच घरातला आमचाच दिवा लागेना. वर बोलून दिवा लावायची सोय! “त्या बाईला माझं मराठी कळत नाही,” म्हणून आईने दोन दिवसांत तिच्याशी अबोला धरला. वर्षभरात कंपनीने ते अॅपच बंद केलं. फोन उचलायलाही कुणी उरलं नाही.

मग एका दुकानदाराने रास्पबेरी पाय नावाचं कंपासपेटीहून लहान डबडं, म्हणजे एक छोटा संगणकच, आणून त्यावर होम असिस्टंट हे घरातले दिवे-सेन्सर घरातूनच चालवणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. कल्पना चांगली होती, काम बेगडी. मोबाइलचा जुना चार्जर, स्वस्तातलं मेमरी कार्ड. घरातली प्रत्येक हालचाल त्या कार्डावर दिवसरात्र लिहिली जात होती. चार महिन्यांत कार्ड गेलं. हालचाल टिपणारे सेन्सर तर रोज रुसायचे. “सेन्सर खराब आहेत, नवे घ्या,” हा त्याचा सल्ला. मी घेतले. तेही रुसले.

तू आलास तेव्हा माझा कुणावरच विश्वास उरला नव्हता, हे तुला दिसलंच असेल. चहासुद्धा मी जरा कोरडेपणानेच विचारला. तू चार्जर बदललास, कार्डाच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त टिकणारी छोटी डिस्क, लावलीस. मग सेन्सर ज्या बिनतारी भाषेत निरोप धाडतात त्या झिगबीचा काडीसारखा रिसीव्हर डब्याच्या निळ्या पोर्टातून उपटलास आणि स्वतःच्या पिशवीतून अर्ध्या मीटरची यूएसबी वायर काढून तिच्या टोकाला तो लावलास. म्हणालास, “ह्या निळ्या पोर्टाचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झवरच असतो आणि झिगबीही तिथेच बोलतं. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कानगोष्ट ऐकू येईल का?” सेन्सर सगळे शाबूत होते. जुनेसुद्धा. त्या वायरीचे पैसे तू अजून सांगितलेले नाहीस.

पण हे पत्र वायरीसाठी नाही.

कामाला हात घालण्याआधी तू आईच्या पलंगाशेजारी फरशीवर मांडी घालून बसलास आणि तिला विचारलंस, “आजी, रात्री उठता तेव्हा आधी कुठला पाय खाली टाकता?” आई क्षणभर बघतच राहिली. मग म्हणाली, “डावा. उजवा गुडघा धरतो.” तू तिला एकदा निजून उठायला सांगितलंस. ती उठत असताना तू चक्क फरशीवर आडवा होऊन तिच्या घोट्यांकडे बघत होतास. सेन्सर भिंतीवर उंच लावला तर कूस बदलली तरी दिवा लागेल, म्हणून तो पलंगाच्या पायाला, खाली, फरशीकडे तोंड करून चिकटवलास. आता पाऊल खाली टेकलं की बाथरूमपर्यंतचे दिवे दहा टक्क्यांवर लागतात, डोळे दिपत नाहीत. आणि कूस बदलली तर काहीच होत नाही.

दोन वर्षांत त्या खोलीत किती जण येऊन गेले. डॉक्टर, कंपनीवाले, दुकानदार, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता.

पुढे आणखी एक. ती बराच वेळ पलंगावर परतली नाही तर मला निरोप जावा, असं मी म्हटलं. तू माझ्याकडे न बघता आईकडे वळलास. “आजी, ताईंना असं कळलेलं तुम्हाला चालेल का?” आईने घासाघीस केली. मी पंधरा मिनिटं म्हणत होते, तिने पंचवीस करून घेतली. तिच्याच घरात तिला विचारलं गेलं, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर संध्याकाळपर्यंत होता.

हे होम असिस्टंट कुठल्या कंपनीचं, असं तिने विचारलं तर तू सांगितलंस, कुणाचंच नाही. 2013 मध्ये पाउलस स्काउट्सन नावाच्या माणसाने हे सुरू केलं, जगभरच्या लोकांनी फुकट हातभार लावला आणि 2024 पासून ते एका ना-नफा संस्थेकडे आहे. “म्हणजे गावकीची विहीर,” आई म्हणाली. मला हे असं कधीच सांगता आलं नसतं. डबडं चार-पाच वॅटवर दिवसरात्र चालतं, महिन्याला तीन-साडेतीन युनिटांच्या आसपास; राउटरसकट इन्व्हर्टरवर आहे. नेट गेलं तरी दिवे लागतात, आणि ते डबडंच बंद पडलं तर भिंतीवरची साधी खटक्याची बटणं आहेतच. ती परत बसवायचा आग्रह तुझाच.

‘पाय’ हे नाव आईला भलतंच आवडलंय. “माझे दोन थकले, हा तिसरा,” असं येईल त्याला सांगते.

गेल्या मंगळवारी पलंगाखालच्या सेन्सरचा सेल संपत आल्याची सूचना मला आली. मी फोन केला तोवर तिने तू दाखवलं होतंस तसं नाण्याने झाकण फिरवून नवा सेल घातलाही होता. जुना टाकू देत नाही. भडंगाच्या पुड्याशेजारी ठेवलाय. पुडा तुझ्यासाठी, आणि सेल तुला दाखवायला.

तुझी,
ठाण्याची ताई