तारवटी (जहाजी) अंकल, त्या रविवारच्या सालादबद्दल

प्रिय अंकल,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच बांगड्याच्या भावावर येता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहितेय. लेक वाचून दाखवेल, मधेच उठून जाऊ नका.

मे महिन्यातला तो रविवार. लेक पुण्याहून सुट्टीला आलेली. शागुती नको, सुकं नको, एवढ्या उकाड्यात एशियन चिकन सॅलड कर म्हणाली. जन्मभर कोशिंबिरी केलेली मी, म्हटलं त्यात काय मोठं! कुकरला चार शिट्ट्या देऊन कोंबडीचा सुंभ केला. कोबी चिरून मीठ लावून तासभर आधीच कालवून ठेवला. तिळाचं ते काळपट तेल पळीने ओतलं. जेवायला बसलो तर भांड्यात तळाशी बोटभर पाणी. आमच्या ह्यांनी काही न बोलता पिण्यासाठी वाटी आणली.

तेवढ्यात गडग्याशी (दगडी कुंपणाशी) तुम्ही. डोकावून बघितलंत आणि म्हणालात, "बाये, हें सालाद न्हय गो, हो रोस!"

राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या रविवारी सकाळी, पोदेर (पाववाला) येऊन गेल्यावर, तुम्ही स्वतःची सुरी टॉवेलात गुंडाळून आमच्या स्वयंपाकघरात हजर. आंटीने दिलेली माडाच्या व्हिनेगरची बाटली काखेत. सत्तावीस वर्षं जहाजाच्या गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, काढलेला माणूस माझ्या ओट्यापाशी उभा, मला तर कांदा कुठे ठेवलाय तेच आठवेना.

आधी कोंबडी. हाड काढलेले छातीचे दोन तुकडे, चारशे ग्रॅमच्या आसपास. पाण्यात आल्याचे काप, कांद्याच्या पातीचे देठ आणि परसातल्या गवती चहाची पानं. उकळी आली की गॅस अगदी मंद, बारा मिनिटं, मग बंद करून झाकण ठेवून पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. जहाजावर म्हणे जाड भागात थर्मामीटर खुपसून 74 अंश दिसल्याशिवाय कोंबडी बाहेर निघत नसे. आपल्याकडे थर्मामीटर तापाचाच, म्हणून तुम्ही मधे चिरून बघायला लावलंत. गुलाबी दिसलं तर परत आत. निवल्यावर सुरी बाजूला ठेवून तुम्ही बोटांनीच धागे सोडवत बसलात, अंगठ्यावरचा तो जुना भाजल्याचा डाग वर-खाली होत होता. चिरलेल्या तुकड्यावरून रस घसरतो, फाडलेल्यात मुरतो, हे तेव्हा कळलं.

गवती चहाचं मात्र मला हसू आलं. आम्ही वर्षानुवर्षं वरची पानं चहात टाकतो आणि बुडखा फेकून देतो. तुम्ही नेमका तो बुडखा सोलून, आतला पांढरा भाग आडवा, कागदासारखा पातळ चिरलात. थायलंड-व्हिएतनामकडची सगळी चव त्यात निघाली की!

मग रस्सा. ड्रेसिंग म्हटलं की तुम्ही हसता, म्हणून रस्साच म्हणते. तीन चमचे सोया सॉस, दोन चमचे व्हिनेगर, एका लिंबाचा रस, किसलेलं आलं-लसूण, एक हिरवी मिरची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला माडाचा काळा गूळ सुरीने खरवडून चमचाभर. तिळाचं तेल अर्धा चमचा, तेही सगळ्यात शेवटी. ते भाजलेल्या तिळाचं, वासापुरतं घालायचं. आपलं फोडणीचं तेल वेगळं. मीठ नाहीच, सोयात पुरेसं असतं. मी चमच्याने चाखायला गेले तर तुम्ही हात धरलात. कोबीचं पान तोडून बुडवलंत आणि ते माझ्या हातात दिलंत. नुसता रस्सा जीभ पोळेल इतका आंबट-खारट, पानावर मात्र बरोब्बर. व्हिनेगर हुंगून तुम्हाला जहाजावरचा तुमचा फिलिपिनो जोडीदार आठवला. त्याच्या गावीही माडाच्या सुरेचंच व्हिनेगर करतात, आणि पहिल्या दिवशी आंटीची बाटली उघडल्यावर तो दोन मिनिटं बोललाच नव्हता. ही गोष्ट तुम्ही कोबी चिरता चिरता सांगितलीत, वर न बघता.

आणि पाण्याचं काय, हे मी शेवटी विचारलंच. तुम्ही उलट विचारलंत, "किसमूर कधी कालवतेस?" म्हटलं, ताटं वाढल्यावर. "मग?"

एवढंच. किसमुरातली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, कुरकुरीत राहावीत म्हणून मी लग्नापासून जे करत आलेय, ते कोबीला लावायचं सुचलं नव्हतं, कारण नाव इंग्रजी होतं. कोबी, गाजर, पात बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं, मग फडक्यात घट्ट झटकून कोरडी. रस्सा वेगळा. कोंबडीला तेवढा आधी चोळायचा. बाकी सगळं ताटात पडताना, वरून भाजलेले काजू आणि कोथिंबीर.

लेकीने दोनदा घेतलं. वर तिनेच मोबाईलवर बघून सांगितलं की ह्या प्रकारची सॅलडं कॅलिफोर्नियातल्या हॉटेलांनी लोकप्रिय केली. तुम्ही खांदे उडवलेत आणि "आमच्याकडे आत्ता झालं ना?" म्हणालात. उरलेली कोंबडी सोमवारी पोईत (आपल्या गोव्याच्या पावात) भरून ह्यांनी ऑफिसला नेली. कोंबडी शिजवलेल्या पाण्याचं रात्री सूप झालं, त्याची मात्र वाटी लागली.

तुमची सुरी धुऊन, पुसून त्याच टॉवेलात ठेवलीय. आंटीची बाटली अजून माझ्याकडेच आहे, चार बोटं व्हिनेगर उरलंय. संपलं की ती भरून घ्यायला येणार आहे, तेव्हा बांगड्याचा भाव सांगा.

गडग्यापलीकडची बाय