गॅरेज आधी, हत्यारं मागनं

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

प्रिय दिल्या,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, यादीच ती! टू-पोस्ट लिफ्ट, हायड्रॉलिक प्रेस, स्प्रे बूथ, सँडब्लास्टिंगचं कपाट, तीनशे नगांचा टूल सेट. लेका, मामांची ७१ सालची फियाट डिलाइट उभी करायची आहे की सातपूरला कारखाना टाकायचाय? राग मानू नकोस, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मी खोडलंय. आणि जे लिहायला पाहिजे होतं ते त्यात नाहीच. जमिनीचं काही नाही, विजेचं नाही, फळ्यांचं नाही, आग लागली तर काय करायचं त्याचंही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. घरच्या गॅरेजात गाडी उघडायची, साफ करायची, मोजायची आणि परत जोडायची. बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, रंग मारणं ही कामं ज्यांचा रोजचा हात बसलाय त्यांच्याकडं न्यायची. मी इथं शिवाजी उद्यमनगरात जातो. ऑइल इंजिनांवर पिढ्या गेलेली माणसं आहेत तिथं, बोअरगेज आत सोडून नुसत्या चेहऱ्यावरनं सांगतात सिलिंडर किती खाल्लाय ते. तुला तिथं नाशकात अंबड-सातपूरची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर असताना लेथ घेऊन काय करणार आहेस?

आता जमीन. तुझ्या पोर्चमध्ये शहाबादी फरशी आहे, मला आठवतंय. चालायला, रांगोळी काढायला उत्तम. पण फरशीखाली कुठं वाळू खचलेली असते, कुठं पोकळी असते. गाडी चाकांवर उभी असली की टायर वजन पसरून घेतात. घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, चढवली की तेच वजन तिच्या पायांच्या कडांवर येतं. फियाट भरली नऊशे किलोच्या आसपास, म्हणजे एकेका घोडीवर सव्वादोनशे किलो. फरशी तडकली की घोडी कलते, आणि त्या वेळी गाडीखाली तू असतोस. म्हणून फरशी काढ. मुरूम टाकून धुमस करून घे, सोलिंग कर, त्यावर जाळी घालून पाच इंच एम-२० काँक्रीट ओत. आठवडाभर तरी पाणी मारायचं, आणि २८ दिवस गाडी वर चढवायची नाही. गवंडी म्हणेल पाणी जायला सगळीकडं उतार देऊ. देऊ नकोस. उतार फक्त दारापाशी, बाकी पाणसळीत सपाट. फरशी काढायच्या आधी काही उचलायची वेळ आलीच तर प्रत्येक घोडीखाली जाड प्लायवूडचा मोठा तुकडा टाक.

खड्ड्याचा विचार मात्र डोक्यातनं काढून टाक. एसटी डेपोत असतो म्हणून आपल्याकडंही हवा, असं तुला वाटतंय. डेपोतल्या गाड्या बहुतेक डिझेलच्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. कार्बोरेटर गळला, टाकीचा पाइप सैल झाला, तर ती खाली उतरते आणि खड्ड्यात साठून राहते. वास यायच्या आधी ठिणगी पडली तर वर चढायला वेळ मिळत नाही. शिवाय पावसाळ्यात नाशकातही खड्ड्याला पाझर फुटेल, तो वेगळाच ताप. दीड-दोन फूट उंचीवर चार घोड्या आणि पाठीखाली सरकती फळी, एवढ्यावर या गाडीचं खालचं सगळं काम होतं.

घोड्यांवरनं आठवलं. त्या तीन टनांच्याच घे आणि गाडीखाली शिरायच्या आधी अंगानं ढकलून बघ. हलली तर आत्ताच हलू दे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. वहिनींना हा नियम सांगून ठेव, म्हणजे तू मोडणार नाहीस.

वीज. पोर्चमधल्या दिव्याच्या पॉइंटवरनं एक्स्टेंशन ओढून वेल्डर चालवायचा विचार दिसतोय तुझा. मीटरपासून वेगळी लाइन आण, सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). अर्थिंग कोरडं पडलं असेल तर आधी ते. कॉम्प्रेसर दोन हॉर्सपॉवरचा पुरे, पण तो आणि वेल्डर एकदम लावायचे नाहीत. बिलावर मंजूर भार किती लिहिलाय बघ. कमी असेल तर महावितरणकडं अर्ज करून वाढवून घे. दिवे छताच्या मधोमध लावू नकोस, बॉनेट उघडलं की सगळी सावली इंजिनावरच पडते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चार-चार फुटी एलईडी नळ्या लाव, शिवाय हातात धरायला चार्जिंगचा दिवा.

आग विझवायचं नळकांडं एबीसी पावडरचं, सहा किलोचं, आणि ते दाराशी लटकव, आत कोपऱ्यात नको. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नाही एवढं घरातल्या सगळ्यांना ठाऊक पाहिजे.

हत्यारांवर फार लिहीत नाही, कारण ती तुला आवडतात आणि तू घेणारच. फियाट इटलीची, सगळे बोल्ट मिलिमीटरचे. जुनी अँबॅसेडर असती तर इंची पाने शोधत बसावं लागलं असतं. ६-७ पासून २०-२२ पर्यंत डबल पाने, तेवढ्याच मापांचे रिंग पाने, अर्ध्या इंची रॅचेटचा गोटी सेट. गोट्या सहाकोनी घे. बाराकोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते आणि मग छिन्नीच काढावी लागते. टपारिया तुमच्या नाशिकचीच, मग ऑनलाइन कशाला बघत बसतोस? बाजारात जाऊन पाना हातात घेऊन बघ. सहा इंची वाइस घे आणि तो बाकाच्या पायाच्या बरोबर वर बसव, नाहीतर कानस चालवताना सगळं टेबल नाचतं. पैसे जास्त घालायचेच तर टॉर्क रेंचवर घाल, कारण या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. अंदाजानं आवळलं की वाकतं आणि गॅस्केट फुंकतं. फिलर गेज, व्हर्नियर, मल्टीमीटर, कॉम्प्रेशन गेज ही चार मापाची हत्यारं तुझ्या यादीत नव्हती. पहिल्या आठवड्यात लागणार आहेत ती हीच.

इंजिन बाहेर काढायला चेन कप्पी लागेल, पण स्लॅबच्या पंख्याच्या हुकाला ती अडकवायची नाही. तो हुक पंख्यापुरता असतो. क्रेन भाड्यानं मिळते. एका दिवसाचं काम, कशाला विकत घेऊन वर्षभर अडगळ सांभाळायची?

आणि फळ्या! याच्यावर तू एक ओळ लिहिली नाहीस. गाडी लांबीला जेमतेम तेरा फूट, रुंदीला पाच फुटांच्या आत. पण उघडली की दुप्पट जागा खाते. चार दारं, सीटा, बंपर, डॅशबोर्ड, डिकीचं झाकण, काचा. काचा उभ्या ठेवायच्या, आडव्या नाहीत. भिंतीला लोखंडी अँगलच्या फळ्या मार, खालून वरपर्यंत. नटबोल्टांना श्रीखंडाचे डबे, प्रत्येकावर कागदी टेप आणि त्यावर पेननं 'डावं पुढचं दार, बिजागरं', असं पूर्ण. 'दार' एवढंच लिहिलंस तर सहा महिन्यांनी चार दारांचे बोल्ट समोर घेऊन बसशील. वॉटर पंप, टायमिंग कव्हर असल्या भागांचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर त्या भागाचा आकार काढ, जिथला बोल्ट तिथं भोक पाडून खोच. आधी फोनवर फोटो, मग पाना. उलटं नाही.

आता मुख्य दुखणं, पत्रा. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस. दाराखालची सिल आणि फ्लोअर मिळून गाडीचा कणा आहे. आणि गंज नेमका तिथंच बसतो. चटईखाली, दारांच्या तळाशी, बॅटरीच्या ट्रेखाली. वरनं रंग चकचकीत आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. अशी सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप टाकून वेल्ड करून घ्यायचे, गाडी चाकांच्या आतल्या बळकट जागांवर सपाट टेकवायची, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही सिला एकदम काढल्या तर गाडी मधे बसते. मग नवा पत्रा कितीही सुबक लाव, दार बंद होताना वर घासतं आणि ते कुणालाच दुरुस्त करता येत नाही. कापायच्या आधी दारांच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेव. मागनं पडताळायला त्याच कामाला येतात.

फ्लोअरमधले छोटे जोड तू स्वतः मार, शिकायला तेच बरं. मिग वेल्डर, ०.८ मिलिमीटरची तार, आणि सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, मग थांब, पत्रा गार होऊ दे. घाई केली की पत्रा पापडासारखा फुगतो. त्याआधी पेट्रोलची टाकी गाडीतून पूर्ण बाहेर, बॅटरीची केबल सुटी, चटया-सीटा बाहेर. काम झाल्यावर तासभर तिथंच बसून चहा पी. आतल्या पोकळीत धुमसत असलेलं काही असलं तर तेवढ्यात कळतं. सिलचं लांब काम मात्र पत्र्याच्या मिस्त्रीला घरी बोलावून करून घे. लांबी (पुट्टी) भरून भोकं बुजवणारा नको, नवा पत्रा वळवून देणारा शोध. असा मिस्त्री आता सहज सापडत नाही, पण सापडला तर तो म्हणेल ती मजुरी दे.

रंग घरी नाही, हे पक्कं. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. नाकाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून ते अडत नाहीत आणि एकदा दम लागायला लागला की पाठ सोडत नाही. प्रायमरपर्यंतची घासाई घरी करायची, पुढचं बूथवाल्याकडं. ब्रेक चारी चाकांना ड्रमचे आहेत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, म्हणून ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

कामाची वेळ पावसावर ठरव. इथं आषाढात उघडा पत्रा रात्रीत लाल होतो; नाशिक कोरडं असलं तरी श्रावणात भरवसा नाही. रंग काढणं, पत्रा, प्रायमर हे दिवाळी ते होळीत उरकायचं. पावसाळ्यात इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, कार्बोरेटर घेऊन बाकावर बसायचं. ग्राइंडर दुपारी एक ते चार बंद, शेजारच्या काकांची झोप मोडलीस तर गॅरेजच बंद पडेल. यंदा खंडेनवमी हुकली, पुढच्या वर्षी पूजेला मांडायला पाने तरी असतील तुझ्याकडं.

स्पेअरचं सांगतो. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातनं या जातीच्या गाड्या १९६४ पासून निघाल्या. डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली, आतलं १०८९ सीसीचं इंजिन तेच, म्हणून पद्मिनीचं बरंचसं सामान तुला चालेल. इतकी वर्षं मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी हा बाजार जिवंत ठेवला. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरनं गेली, तेव्हा आता दुकानदार माल नव्यानं भरणार नाहीत. रबरं, ब्रेकचे सिलिंडर, बेअरिंग, गॅस्केट सेट हे आत्ताच घेऊन ठेव. कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याची नाना पेठ, दोन्हीकडं जुना भाग हातात घेऊनच जा. फोनवर वर्णन करून आणलेला भाग बसत नाही.

आणि मारुतीचं इंजिन बसवायचं तुझ्या भाच्याच्या डोक्यात आहे, ते मोडून काढ. गाडी पन्नास वर्षांच्या पुढं गेलीय. २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण बॉडी, चॅसिस, इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. आणि त्या नोंदणीवर रोज भाजी आणायला जाता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच रस्त्यावर काढता येते. मामांना गाडी रोज फिरवायची असेल तर नेहमीची नोंदणी चालू ठेवणंच बरं. आधी त्यांना विचार.

तर आता पोर्चची लांबी-रुंदी-उंची, बिलावरचा मंजूर भार आणि दोन्ही सिलांचे खालनं काढलेले फोटो पाठव. फोटो काढताना गाडी जॅकवर चढवू नकोस, फोन खाली सरकव. डिसेंबरात मी येतोय. तू घेईपर्यंत वापरायला घोड्या आणि कॉम्प्रेशन गेज माझ्याकडनं आणतो, तू प्लायवूडचे तुकडे कापून ठेव आणि गवंड्याशी बोलून घे. येताना तांबडा रस्सा काही आणता येणार नाही, मसाला तेवढा आणीन.

वहिनींना नमस्कार, मामांना साष्टांग.

तुझा,
सुऱ्या