राळेगावच्या मेकॅनिक भाऊंस जाहीर आभार पत्र

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

माझ्या लॅपटॉपच्या दुरुस्तीबद्दल आपण दिलेल्या पावतीवर ‘फॅन सफाई, पेस्ट’ एवढेच लिहिलेले आहे आणि त्याखाली रक्कम आहे. रक्कम मी त्याच वेळी दिली, तेव्हा व्यवहार तिथेच संपला असे आपण धरले असेल. माझ्याकडून तो संपलेला नाही, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

मी गावात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. पीक विमा, शिष्यवृत्ती, महाडीबीटीवरील योजना, सातबाराचे उतारे अशी सगळी कामे त्या एका लॅपटॉपवर चालतात आणि आमच्या घराचा मीठमिरचीचा खर्च त्यावरच निघतो. यंदा थंडी सरत आली तसा तो मधेच बंद पडू लागला. सकाळी बराच वेळ नीट चालायचा, पण दुपारी अर्ज शेवटच्या पानावर आला की कोणतीही सूचना न देता पडदा काळा व्हायचा. थोडा वेळ तसाच ठेवला की पुन्हा सुरू व्हायचा आणि पुन्हा बंद पडायचा. मजुरी बुडवून समोर बसलेल्या माणसाला ‘काका, ओटीपी परत मागवावा लागेल’ असे सांगताना मान खाली जात असे.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही कोणाकोणाचे दार ठोठावले ते थोडक्यात सांगते. कंपनीच्या मदत क्रमांकावर पिन कोड सांगितल्याबरोबर या भागात घरपोच सेवा मिळत नसल्याचे कळले. एका दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिले, त्यात माझ्या जतन केलेल्या फायली गेल्या आणि दुखणे जिथल्या तिथे राहिले. दुसऱ्याने सांगितले की विंडोज 10 आता संपले, मशीन जुने झाले, नवीनच घ्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला हे खरे आहे, पण त्यामुळे लॅपटॉप दुपारी बंद पडतो आणि सकाळी चालतो, हे शास्त्र मला त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकायला मिळाले. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या, वातानुकूलित दुकानात गेलो. तिथल्या मुलाने लॅपटॉप पडद्यामागे नेला आणि बाहेर येऊन मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेल्याचे जाहीर केले. खर्च विचारला तर नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या आसपास. वर आमच्या बोलण्यावरून आणि पायातल्या चपलांवरून आमचे गाव ओळखून तो म्हणाला की खेड्यात व्होल्टेज नसते, तुम्ही लोक तरीही लावून ठेवता, शिवाय घरात कोणीतरी यावर पाणी सांडलेले दिसते.

माझी आई तेव्हा माझ्या शेजारी उभी होती. लॅपटॉपचे टेबल रोज ओल्या फडक्याने तीच पुसते. तिने तिथे काही विचारले नाही, पण त्या दिवसापासून ती माझ्या खोलीत पाण्याचा तांब्या घेऊन येईनाशी झाली. चहासुद्धा दाराच्या उंबऱ्यावर ठेवून मला हाक मारायची. ‘अगं, त्यांना काय कळतं?’ असे मी कितीही म्हटले तरी मला तरी कुठे काय कळत होते? त्यामुळे माझ्या शब्दाला वजन नव्हते.

आपल्या दुकानात आलो तेव्हा आपण पाना-पेचकस हातात घेण्याआधी प्रश्न विचारलेत, आणि तेही बसायला स्टूल दिल्यानंतर. बंद केव्हा पडतो, सकाळी की दुपारी? बंद पडण्याआधी पंख्याचा आवाज वाढतो का? मग लॅपटॉप सुरू करून बाजूच्या जाळीला तळहात लावलात आणि मलाही लावायला सांगितलेत. पंखा घरघरत होता, पण हाताला हवा लागत नव्हती. व्होल्टेजचे ऐकलेले मी सांगितले तेव्हा आपण चार्जर उलटा करून माझ्यापुढे धरलात आणि त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचायला लावलीत. तिथे 100 ते 240 व्होल्ट असे छापलेलेच होते. कित्येक वर्षे तो चार्जर माझ्या हाताखाली आहे आणि जिल्ह्याच्या त्या मुलाच्याही हाताखालून गेला, पण कमी दाबावरही चालेल असाच तो बनवलेला असतो हे त्याच्या पाठीवर लिहिलेले असताना कोणी वाचले नव्हते.

आणि मग आपण तो प्रश्न विचारलात, जो पिन कोड विचारणाऱ्यांना सुचणे शक्यच नव्हते. ‘यंदा कापूस घरातच भरला का?’

भरला होता. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर माल घेत नाहीत आणि 8 टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते, हे आपल्या भागात शाळकरी पोरालाही पाठ असते. वेचलेला कापूस वाळेपर्यंत आणि भावाचा अंदाज येईपर्यंत माणसे आपल्याच घरात कोपऱ्यात सरकून राहतात. माझी खोली तर गंजीला लागूनच होती.

आपण खालचे झाकण उघडलेत, लॅपटॉप आमच्याकडे वळवलात आणि पंखा व तांब्याच्या जाळीच्या मधून चिमट्याने एक करडा पट्टा ओढून काढलात. समईच्या वातीसारखा तो लांबत लांबत बाहेर आला. मी पाहतच राहिले, पण आईने तो बोटांत धरून चुरला आणि म्हणाली, ‘हा त आपलाच कापूस हाय.’ त्यावर आपण माझ्याकडे न पाहता तिच्याकडे वळलात आणि म्हणालात, ‘माय, तुमच्या हातानं काईच बिघडलं नाई. पाण्याचा एक डाग नाई यात, हे पाहा. कापूस घरात नाई ठेवाचा त ठेवाचा कुठं?’ एवढे बोलून टेबलावरचा दिवा खाली ओढलात आणि आतला हिरवा बोर्ड तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवलात.

भाऊ, माझे आभार आहेत ते या वाक्यासाठी. पैसे मी दिले होते, लॅपटॉप माझा होता, प्रश्नही मीच विचारत होते. दुकानात आलेली म्हातारी ही सोबत आलेली असते, तिला काही समजावून सांगण्याचा रिवाज नाही. तिच्या मनात काय डाचत आहे हे आपल्याला कोणी सांगितलेले नव्हते. मी ‘पाणी सांडले म्हणतात’ असे ओझरते बोलले आणि ती पदर सावरत मागे सरकली, एवढ्यावरून आपण ते ओळखले असावे. घरी परतताना एसटीत ती शेजारच्या अनोळखी बाईला लॅपटॉपमध्ये कापूस कसा अडकतो ते खुलासेवार सांगत होती. हवा अडली की आतला प्रोसेसर तापतो आणि शंभर अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो, हे आपण सांगितलेले तिने ‘तो आपला जीव वाचवते’ अशा शब्दांत सांगितले. मला त्यात दुरुस्तीची गरज वाटली नाही.

आपल्या भागात चार अक्षरे जास्त शिकलेला, किंवा एखाद्या खिडकीच्या आत बसलेला माणूस बाहेरच्याला आधी दोषी धरतो आणि मग काम सांगतो. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत आपली पहिली पाच मिनिटे आपण गुन्हा केलेला नाही हे पटवण्यात जातात. मीसुद्धा आता खिडकीच्या आतलीच आहे. लोक कागद घेऊन माझ्यासमोर बसतात, आणि आधार कार्डावरचे नाव सातबाराशी जुळत नसले की माझाही आवाज चढायला वेळ लागत नाही. आपले बोलणे ऐकल्यापासून तो चढताना मला ऐकू येतो, एवढे नक्की.

चार्जिंग सुरू असताना हाताला झिणझिण्या येतात, हे मी जाता जाता बोलले होते. दुकानात स्टॅबिलायझर विक्रीला रचलेले असूनही आपण ते दाखवले नाहीत. आधी घराची अर्थिंग नीट करा आणि लाइनमनला सांगून न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, जोड तपासून घ्या, कारण न्यूट्रल तुटला तर 230 ऐवजी 400 व्होल्टपर्यंत दाब घरात शिरू शकतो आणि मग टीव्ही, फ्रिज, चार्जर काहीच वाचत नाही, असे बजावलेत. कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा नव्याने भरून घेतला आहे. झिणझिण्या थांबल्या. लाइनमन येऊन गेले, खांबावरचा जोड सैल होता, तो त्यांनी घट्ट करून दिला.

कापूस विकला गेला असून लॅपटॉप भर दुपारी चालतो आहे. येत्या बाजाराच्या दिवशी आमच्या गावचे दोघे जण आपल्याकडे येतील. एकाचा टीव्ही आहे, त्यात आवाज येतो पण चित्र येत नाही, आणि दुसऱ्याच्या मिक्सरला कोणीतरी ‘मोटर जळली’ म्हणून सांगितले आहे. दोघांचे सामान आपण पाहालच. माझी ओळख सांगून ते पैसे कमी करायला लावतील, ते मात्र करू नका.

आपली कृतज्ञ,
अर्ज भरणारी ताई
ता. राळेगाव, जि. यवतमाळ