अर्थ लावण्याचा अधिकार : माझ्या समुपदेशक मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपल्या भेटी संपून आता बराच काळ लोटला आहे. हे पत्र मी तुमचे नाव न घेता सर्वांसमोर लिहीत आहे, कारण ज्यासाठी तुमचे आभार मानायचे आहेत त्याविषयी मानसोपचाराच्या चर्चेत फारसे कोणी बोलत नाही. माझी झोप परत आली, रजा संपवून मी पुन्हा कामावर रुजू झाले, रात्री-अपरात्री होणारी छातीतली धडधड थांबली, हे सारे तुमच्यामुळेच घडले. पण त्याहून मोठे ऋण वेगळे आहे. तुमच्या खोलीत अधिकार कोणाकडे आहे, हे तुम्ही माझ्यापासून कधीच झाकून ठेवले नाही.

तुम्ही साताऱ्याच्या जुन्या पेठेतल्या, दोन पिढ्या डॉक्टर असलेल्या घरातल्या. मी खटाव तालुक्यातल्या एका गावच्या बौद्ध वस्तीतून आलेली, घरात पहिल्यांदा सरकारी नोकरी लागलेली मुलगी. भेटीची वेळ तुम्ही ठरवत होता, फी तुम्ही सांगत होता. माझ्या घरातल्या भांडणांपासून कर्जापर्यंत सगळे तुम्हाला ठाऊक होते आणि तुमच्याविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. या व्यवसायाची रचनाच अशी आहे, आणि तिच्यामागे योग्य कारणे आहेत, हे मला मान्य आहे. कुठल्या खुर्चीवर बसणार, हे तुम्ही पहिल्याच दिवशी मला विचारले होते. साताऱ्यात हा प्रश्न साधा नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव इथल्याच शाळेत दाखल झाले, आणि म्हणून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण त्याच मुलाला वर्गात इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागत होते, हेही आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

तरीही, माझ्या मते, खुर्ची, वेळ आणि फी हे त्या अधिकाराचे वरवरचे भाग आहेत. समोरच्याच्या वागण्याचा अर्थ काय, हे ठरवण्याचा हक्क हा त्याचा गाभा आहे. मी गप्प बसले तर ते गप्प बसणे दुःखाचे, रागाचे की आजाराचे, हे तुम्ही सांगणार, आणि तुमच्यामागे पदवी असल्यामुळे तेच खरे ठरणार. मी आवक-जावक विभागात काम करते. एका शेऱ्याने माणसाचे काम कसे अडते किंवा मार्गी लागते, हे रोज पाहते.

एकदा तुम्ही कौतुकाने म्हणालात, "तुम्ही इतकं नेमकं बोलता, तुमच्याकडे बघून तसं वाटत नाही." मी हसले, आणि पुढच्या भेटीत मला बोलताच येईना. तुम्ही काही वेळ थांबलात, मग समोरची वही माझ्याकडे वळवलीत. निळ्या शाईत लिहिले होते : "अबोला. वडिलांवरचा राग इथे येतो आहे का?" आणि तुम्ही विचारलेत, "हे बरोबर आहे, की मी काही केलं?" मागच्या भेटीतले तुमचे ते कौतुकाचे वाक्य मी तुम्हाला जसेच्या तसे ऐकवले. तुम्ही कारणे दिली नाहीत, हेतू चांगला होता असे सांगितले नाही; माफी मागितलीत, वहीतली ओळ खोडलीत आणि मी सांगितलेले माझ्याच शब्दांत तिच्याखाली लिहिलेत.

जुन्या नात्यांतल्या भावना रुग्ण उपचार करणाऱ्यावर आणून ठेवतो, हा फ्रॉइड यांचा विचार, ज्याला ट्रान्सफरन्स म्हणतात, मी नंतर वाचला. तो खोटा नाही. वडिलांवरचा माझा राग पुढे कितीतरी वेळा त्या खोलीत आला आणि तो तुम्हीच मला दाखवून दिलात. पण समोर घडलेला अपमान बालपणाच्या खात्यावर टाकणे उपचार करणाऱ्याला किती सोयीचे असते, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आले. ती सोय तुमच्या हाताशी होती आणि तुम्ही ती वापरली नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली उपचारातून बदल घडण्यासाठी आवश्यक अटी मांडताना सहानुभाव आणि स्वीकार यांच्या जोडीने थेरपिस्टचा सच्चेपणाही सांगितला होता. मला तो त्या खोडलेल्या ओळीत दिसला.

त्यानंतर आपण जातीविषयी उघड बोलू लागलो. "मी जातपात मानत नाही," हे आमच्या कार्यालयात हमखास ऐकू येणारे वाक्य तुम्ही एकदाही उच्चारले नाही. "या अनुभवातून मी गेलेली नाही, त्यामुळे मला कळलं असं म्हणणार नाही," असे तुम्ही म्हणालात. मला विशेष महत्त्वाचे वाटते ते हे, की जात म्हणजे काय हे तुम्हाला शिकवण्याचे काम तुम्ही माझ्यावर टाकले नाही. वाचन तुम्ही स्वतः केलेत. आपल्यातला तो प्रसंग वरिष्ठांपुढे मार्गदर्शनासाठी मांडण्याआधी माझी परवानगी घेतलीत. आपली माहिती गोपनीय राहण्याचा आणि आपल्या उपचारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यामध्ये आहे, हेही मला तुमच्याकडूनच समजले.

आईपासून वेगळे राहण्याचा विचार करावा, असे तुम्ही सुचवले होते. मी नकार दिला आणि माझ्या घरात ते का शक्य नाही व का नको आहे, हे सविस्तर सांगितले. तुम्ही पुन्हा तो विषय रेटला नाहीत. आई आजही माझ्याजवळच राहते, आणि आता साहेबांनाही मी एखादी गोष्ट पटत नसल्याचे शांतपणे सांगू शकते.

गेल्या महिन्यात एका सहकारी मैत्रिणीने समुपदेशनाला जावे का, असे मला विचारले. तुमचा पत्ता तर दिलाच, पण ती दुसऱ्या कोणाकडे गेली तरी, "तुमचं म्हणणं मला पटलं नाही, तर ते मी तुम्हाला सांगितलेलं चालेल का?" हे पहिल्याच भेटीत विचारायला मी तिला सांगितले आहे. हा प्रश्न मला विचारता आला, याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे.

आपली कृतज्ञ,
खटाव तालुक्यातील तुमची एक जुनी अशील