कर्जावरून सरकार पडणे ही नामुष्की नव्हे

महोदय,

जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, ओलाफ शोल्झ यांचे आघाडी सरकार कोसळल्याचा विषय निघाला की आमच्या वाचनालयात हमखास कोणीतरी म्हणतो, ‘एवढा शिस्तीचा देश, पण तिथेही आघाडी टिकली नाही.’ मला हे बोलणे पटत नाही. ते सरकार कशावरून पडले ते नीट पाहिले, तर आपण गोवेकरांनी विचार करावा असे त्यात बरेच काही आहे.

त्या देशाने २००९ साली राज्यघटनेतच कर्जाला लगाम घातला. केंद्र सरकारची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी) देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) ०.३५ टक्क्यांवर जाता कामा नये, असा तो नियम. शोल्झ यांच्या तीन पक्षांच्या सरकारने कोविडसाठी मंजूर झालेले, पण न वापरलेले ६० अब्ज युरोचे कर्ज हवामान निधीकडे वळवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते रद्द ठरवले आणि अंदाजपत्रकाला मोठे भगदाड पडले. ते बुजवायचे कसे, यावर वर्षभर भांडण चालले. शोल्झ म्हणत होते, युक्रेनच्या मदतीसाठी नियम सैल करू. अर्थमंत्री ख्रिश्चन लिंडनर म्हणत होते, कर्ज नको, खर्च कापा. ६ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री शोल्झ यांनी लिंडनर यांना मंत्रिमंडळातून काढले. १६ डिसेंबरला ते विश्वासदर्शक ठराव हरले, फेब्रुवारीत निवडणूक झाली. लिंडनर यांच्या पक्षाला ४.३ टक्के मते पडली. पाच टक्क्यांची अट पुरी न झाल्याने तो पक्ष संसदेबाहेर गेला.

लिंडनर यांचा हट्ट मला चुकीचा वाटतो. सरकार पडण्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, ड्रेस्डेन शहरातील कॅरोला पुलाचा एक भाग रात्री एल्ब नदीत कोसळला. सुदैवाने कोणी दगावले नाही. पूल म्हटला की आमच्या पिढीला ५ जुलै १९८६ आठवतो. मांडवीवरचा नेहरू पूल त्या दिवशी पडला. बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. मी तेव्हा म्हापशाहून पणजीला नोकरीला जात होतो. भर पावसात बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी रांग लागायची. छत्री वाऱ्याने उलटायची, डबा पोटाशी धरून उभे राहायचे, आणि समोर पणजी दिसत असूनही कामावर पोचायला उशीर व्हायचा. पुलासाठी काढलेले कर्ज नातवंडांनी फेडले तरी चालते, कारण त्या पुलावरून तीही जाणार असतात. पगार आणि अनुदाने भागवण्यासाठी काढलेल्या कर्जाचे तसे नाही.

नवे चॅन्सेलर फ्रेडरिक मेर्त्झ यांनी प्रचारात लगाम सैल करायला विरोध केला होता. निवडून आल्यावर, मार्च २०२५ मध्ये, त्यांच्याच पुढाकाराने घटना दुरुस्त झाली आणि रस्ते, रेल्वे, पूल यांसाठी ५०० अब्ज युरोच्या निधीला वाट मोकळी झाली. मतदारांना आधी एक सांगून नंतर दुसरे केले, हे वाईटच. पण कोणी काय म्हटले होते आणि कोणी शब्द फिरवला, हे तिथल्या मतदाराला ठाऊक आहे. कारण भांडण उघड्यावर झाले.

आपल्याकडे सरकारे कमी पडली का? १९९० साली खुद्द सभापती लुईस प्रोत बार्बोझ यांच्यासह सात जणांनी काँग्रेस सोडली, सरकार गेले, आणि त्या एका वर्षात राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले. मार्च २०१९ मध्ये मध्यरात्री मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तीनपैकी दोन आमदारांनी भाजपची वाट धरली. जुलैत काँग्रेसचे दहा जण गेले आणि सरकारातील मित्रपक्ष गोवा फॉरवर्डच्या मंत्र्यांची पदे काढून घेण्यात आली. या साऱ्या उलथापालथीत राज्याच्या कर्जावरून ‘हे मला मान्य नाही’ म्हणत एकाही मंत्र्याने राजीनामा दिल्याचे मला आठवत नाही. खाते कोणते मिळाले, यावरून मात्र रुसवेफुगवे सतत झाले.

वित्तीय शिस्तीचा कायदा आपल्याकडेही २००६ पासून आहे. तरी सर्वसामान्य माणसाला कर्ज कळते कधी? राज्याचे कर्जरोखे रिझर्व्ह बँकेमार्फत लिलावाला निघतात, बहुधा मंगळवारी, आणि वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. पैसा कशासाठी, परतफेड कोणत्या साली, हे त्यात क्वचितच असते.

पर्वरीत विधानसभेचे पुढचे अधिवेशन भरेल तेव्हा केवळ कर्ज आणि व्याज या विषयासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, अशी माझी सर्व चाळीस आमदारांना कळकळीची विनंती आहे. सत्ताधारी पक्षातील ज्यांना एखादे कर्ज पटत नसेल, त्यांनी ते सभागृहात उभे राहून सांगावे. त्यापायी सरकार डळमळले तरी माझ्यासारखा मतदार त्यांना दोष देणार नाही.

आपल्यालाही एक विनंती. गोवा सरकारने नवे रोखे काढले की रक्कम, व्याजदर आणि परतफेडीचे साल पहिल्या पानावर एका चौकटीत छापा. सोन्याचा भाव आपण रोज छापता. त्याच्या शेजारी एवढी जागा होईल.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, म्हापसा